कच्चा टाका

२ नोव्हेंबर

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

पत्राला कारण आहे, आणि ते कारण सहा वर्षांचं असून या क्षणी माझ्यासमोर कापडाच्या ताग्यावर बसून पाय हलवतंय. फोनवर सगळं सांगता येत नाही. तू पलीकडून "हो अप्पा, हो अप्पा" करत राहतेस, मला त्यातलं निम्मं ऐकू येत नाही, आणि चिरंजीव शेजारी उभे राहून आटपा आटपा अशा खुणा करतात. रात्रपाळीच्या माणसाच्या घरात दिवसा मोठ्याने बोलायची चोरी. म्हणून दुकानात बसून लिहितोय.

काल फोन ठेवताना तू रडलीस ते मला कळलं. मी कानाने मंद आहे, डोक्याने नाही. पोटची पोर आठवडाभर फोनवर यायला तयार नाही म्हटल्यावर कुठल्याही आईला रडू येईल. तर त्याचं कारण मी शोधून काढलं. सरळ विचारलं तेव्हा गुंडीने दाद दिली नाही. मग तिला बटणं रंगांप्रमाणे लावायला बसवलं. हात गुंतले की तिचं तोंड सुटतं, हे तुलाही माहीत आहे.

"आई खोटं बोलली," ती म्हणाली.

"काय खोटं बोलली?"

"येते म्हणाली. आणि गेली."

मला आधी काही उमगेना. मग आठवलं. विहीणबाईंच्या खुब्याचं हाड मोडल्याचा निरोप आला, तू बॅग भरलीस, दारात तिचा पापा घेतलास आणि म्हणालीस, "येते हं." आपण सगळेच म्हणतो. निघताना जाते म्हणू नये हे कुणी मुद्दाम शिकवतही नाही, ते तोंडात आपोआप बसतं. हिच्या तोंडात ते बसलेलं नाही. जाणाऱ्याने जाते म्हणावं, असं तिचं म्हणणं. हल्ली शाळेला निघताना ती दारात उभी राहून ठणकावून सांगते, "आजोबा, मी जाते." परवा शेजारच्या काकू हातातलं काम टाकून बाहेर आल्या, कोण कुठे गेलं म्हणून.

मलाही सोडत नाही. संध्याकाळी मी म्हटलं, "चला, दुकान वाढवू या." शटर ओढून झाल्यावर म्हणाली, "कुठे वाढलं? होतं तेवढंच आहे."

गुंडी हे नाव मीच ठेवलं होतं. शर्टाच्या गुंडीएवढं तोंड होतं तिचं. आता शेवटची वेलांटी गाळून हाक मारावी असं वाटतं.

आणि वकीलसाहेबांचं तुला कळलंच असेल. कोट सैल करून घ्यायला आले होते. "धुतल्यावर आखडला हो कोट," असं ते म्हणाले. गुंडी टेप धरून उभी होती. म्हणाली, "कोट तेवढाच आहे, पोट मोठं झालंय." साहेब कोट घेऊन निघून गेले. मापही दिलं नाही.

खरं सांगतो, मला आतून बरं वाटलं. पोर बोलली त्यात चूक काय होतं? मी आयुष्यभर तोंडावर बोलत आलो. कापड वाईट असेल तर वाईट म्हटलं, रंग शोभत नसेल तर नाही शोभत म्हटलं. तुझ्या सासूबाई म्हणायच्या, "तुमच्या हातात कात्री आहे ती पुरे, तोंडात आणखी एक कशाला?" पण गिऱ्हाईकं टिकली, आणि मला वाटतं खरेपणामुळेच टिकली.

तू म्हणतेस, तिला सांभाळून बोलायला शिकवा. शिकवतो. पण सांभाळून बोलणं म्हणजे माझ्या लेखी मापात बेतलेलं खोटंच, त्यामुळे गुरू किती कामाचा आहे ते तूच ठरव.

विहीणबाईंना सांग, पडायचंच होतं तर मऊ जागा बघून पडायचं. त्या हसल्या तर कळव. पोरीला फोनजवळ आणायचं काम माझं.

अप्पा

९ नोव्हेंबर

चि. सूनबाईस आशीर्वाद.

शिकवणी सुरू केली. हाल ऐक.

पहिल्या दिवशी तिला सांगितलं, खरं बोलावं पण गोड बोलावं. तिला पटलं. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब पुन्हा आले. भला माणूस, राग धरत नाही. गुंडी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली, मान वाकडी केली आणि अगदी मध घोळवलेल्या आवाजात म्हणाली, "वकीलकाका, तुमचं पोट ना, खूप मोठं झालंय." आणि माझ्याकडे बघून हसली, गृहपाठ दाखवावा तशी.

मग मी नियम बदलला. म्हटलं, प्रत्येक खरी गोष्ट बोललीच पाहिजे असं नाही. काही वेळा गप्प बसावं. हेही तिला पटलं. शेजारच्या काकू नव्या रंगवलेल्या केसांनी आल्या तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. काकू म्हणाल्या, "काय गं, दात दुखतोय का?" तर म्हणे, "नाही. आजोबांनी सांगितलंय, बोलायचं नाही." काकू माझ्याकडे ज्या नजरेने बघत गेल्या ती मी विसरणार नाही. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

तुझ्याबद्दलही समजावून पाहिलं. म्हटलं, अगं, येते म्हणजे परत येणार आहे. तर म्हणाली, "कधी?" मी म्हटलं, आजीला चालता आलं की. "आजीला कधी चालता येणार?" आता हे मला तरी कुठे ठाऊक? चिरंजीव झोपेतून उठून म्हणाले, "दोन दिवसांत येईल आई, झालं?" झालं काय, ती आता बापालाही खोटारड्यांत धरते. मी त्याला आत घेऊन फैलावर घेतलं. मुलाची समजूत काढायला असलं फुटकळ खोटं बोललं की दोन दिवसांनी तेच खोटं दारात येऊन उभं राहतं.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा ती मशीनखाली जाऊन बसली. पायडलला मिठी मारून. तुला मी, ती बाहेर खेळायला गेलीय म्हणून सांगितलं. हे लिहिताना माझं मलाच लक्षात आलं, मीही काही कमी नाही. तिने ते ऐकलं, आणि रात्री जेवताना माझ्याकडे बघितलंदेखील नाही.

दुकानाचं बरं चाललंय. एकच किरकोळ कुरबुर. तिच्या शाळेतल्या बाई नवा कोट घेऊन गेल्या आणि नंतर म्हणाल्या, बटणं काजातून जात नाहीत. अशी तक्रार आपल्याकडे कधी आलेली नाही. बटणं जाड निघाली असतील. कोट परत मागवलाय, बघतो.

अप्पा

१३ नोव्हेंबर

चि. सूनबाईस.

बाईंचा कोट आला. बटणं जाड नाहीत. काजं वाकडी आहेत, दोन तर नीट कापलेलीही नाहीत.

मी ती खिडकीपाशी धरून बघत होतो, तेव्हा गुंडी म्हणाली, "आई असती तर तिने उसवून परत केली असती. ती नेहमी करते. तुम्ही जेवून झोपता ना, तेव्हा."

मी विचारलं, कधीपासून. तिला सांगता येईना. ती म्हणाली, पहिलीत जायच्या आधीपासून.

हे खरं आहे का, तेवढं कळव. बाकी सर्व ठीक. विहीणबाईंच्या प्रकृतीस जपावे.

अप्पा

२१ नोव्हेंबर

चि. सूनबाई,

तुझं पत्र पोचलं. एवढ्या मोठ्या कागदावर तू एक ओळ लिहिलीस. "हो अप्पा, खरं आहे, आणि तुम्हाला वाईट वाटलं असेल तर मला रागवा." त्याखाली काहीतरी लिहून खोडलेलं दिसतंय. ते मी उजेडात धरून वाचायचा प्रयत्न केला नाही. केला, पण दिसलं नाही.

राग आला होता. खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. गल्लीत चर्चा झाली, काकू येऊन बघून गेल्या जिवंत आहे का ते. मला सारखं एकच दिसत होतं, मी आत घोरत पडलोय आणि बाहेर सून माझं काम उसवतेय. ज्या हाताने अख्खं घर चालवलं त्या हाताची ही किंमत. चिरंजीवांनाही माहीत होतं म्हणे. म्हणजे घरात न माहीत असलेला मी एकटाच.

तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो आणि शटर अर्धंच वर केलं. कोपऱ्यातल्या दांडीवर तयार कोट लटकत होते, तू जायच्या आधीचे, लोकांनी अजून न नेलेले. एकेक काढला, खिडकीशी नेला, भिंग लावलं. तुला एक गोष्ट माहीत नसेल. काज संपवताना दोऱ्याची गाठ मी उजव्या अंगाला दाबतो. तू डावखुरी, तुझी गाठ डावीकडे येते. त्या दांडीवर एकही गाठ उजवीकडे नव्हती. वकीलसाहेबांचा कोट, बँकेतल्या साहेबांचा, आणि माझा स्वतःचा, जो मी गेल्या वर्षी शिवला आणि घालून आरशापुढे उभं राहून स्वतःची पाठ थोपटली होती. सगळीकडे तुझी गाठ. मी स्टुलावर बसून राहिलो.

गुंडी शाळेतून आली तेव्हा मी तसाच बसलो होतो. तिने कोटांचा ढीग बघितला, भिंग बघितलं आणि निकाल देऊन टाकला. "म्हणजे आई दोनदा खोटं बोलली. येते म्हणाली ते एक. आणि तुम्हाला छान म्हणायची ते एक."

सूनबाई, मला तेव्हा हो म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण पोरीच्या तोंडावर काहीतरी असं होतं, की मी हो म्हटलं तर तू परत आल्यावरही ती मशीनखालून बाहेर येणार नाही. आणि मला आयुष्यभर खरं बोलायची खोड आहे ना, तर म्हटलं आधी खात्री करू. मी विचारलं, "आई मला नक्की काय म्हणायची? जसंच्या तसं सांग."

तुझ्या लेकीची आठवण म्हणजे पोलिसांना उपयोगी पडेल अशी आहे. ती म्हणाली, "ती म्हणायची, अप्पा, तुमच्यासारखी कॉलर कुणाला बसवता येत नाही."

"आणि काजांबद्दल काय म्हणायची?"

तिने बराच वेळ विचार केला. छताकडे बघितलं, बोट चावलं.

"काजांबद्दल काहीच नाही म्हणायची."

मी पण आठवून बघितलं. कॉलरबद्दल बोललीस, बाहीच्या गोलाईबद्दल बोललीस, कापड बेतण्याबद्दल तर दहा माणसांसमोर बोललीस. इतक्या दिवसांत काजांचं नाव तुझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. मी विचारायचो, "कसा झालाय?" आणि तू कोट हातात घेऊन त्यातलं जे खरंच चांगलं असेल ते शोधायचीस आणि तेवढंच सांगायचीस. मला वाटायचं, सुनेला कौतुक करायची हौस आहे. तुला प्रत्येक वेळी शोधावं लागत होतं, हे मला कुठे माहीत.

"मग ती खोटं बोलली का?" मी विचारलं.

"नाही," गुंडी म्हणाली. आणि ढिगातला एक कोट उचलून, "कॉलर छानच असते तुमची." मग म्हणाली, "मला आईने लपव म्हणून सांगितलं नव्हतं. तुम्ही कधी विचारलंच नाही."

खरं आहे. मी कधी विचारलं नाही, कारण मला विचारावंसं वाटत नव्हतं. सुईत दोरा ओवायला मी तिला बसवायचो आणि म्हणायचो, तुला शिकवतोय. तिला केव्हाच येत होतं.

आता येते म्हणालीस त्याचं राहिलं होतं. त्याचा उलगडा माझ्याच्याने झाला नसता, तो आपसूक झाला. तिच्या शाळेच्या कार्यक्रमासाठी मी निळा फ्रॉक बेतलाय. कमरेच्या चुण्या पांढऱ्या दोऱ्याने कच्च्या टाकून ठेवत होतो, लांब लांब टाके. तिने विचारलं, "हा दोरा पांढरा का? निळ्यावर वाईट दिसतो."

"हा नंतर काढून टाकायचा असतो. कच्चा टाका आहे."

"काढायचाच आहे तर घालता कशाला?"

"पक्की शिलाई पडेपर्यंत कापड जागच्या जागी राहावं म्हणून. नाहीतर सगळं सरकतं."

"मग हा खोटा टाका?"

"खोटा नाही गं. कच्चा."

माझ्या तोंडून हे गेलं, आणि हात थांबला. मी तिच्याकडे बघितलं, ती दोऱ्याकडे बघत होती. मी म्हटलं, आई दारात येते म्हणाली ना, तो असाच टाका आहे. ती खरंच येईल तेव्हा पक्की शिलाई पडेल. तोपर्यंत तू इथे आणि ती तिथे, दोघी सरकू नयेत म्हणून तिने घातलाय. जाते म्हणाली असती तर धरून ठेवायला काहीच राहिलं नसतं.

ती बोट फिरवत राहिली त्या पांढऱ्या दोऱ्यावरून. तिला किती कळलं, मला सांगता येणार नाही. मला मात्र या वयात कळलं.

सूनबाई, आपल्या घरात आभार मानायची पद्धत नाही. पाणी दिलं तरी आपण पेला खाली ठेवून निघून जातो. म्हणून हे लिहायला मला दोन दिवस लागले. तू माझी काजं सुधारलीस याबद्दल तर आहेच, पण त्याहून जास्त याबद्दल, की तू मला माझ्याच दुकानात ताठ मानेने बसू दिलंस, आणि त्यासाठी एक शब्दही खोटा बोलली नाहीस. मला वाटायचं खरं बोलायला धीर लागतो. लागतो, पण तो एकदाच. तू करत होतीस त्याला रोज दुपारी धीर लागत असणार. मी तुझा फार ऋणी आहे.

रागावणार नाही. रागवायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

अप्पा

३० नोव्हेंबर

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

विहीणबाई वॉकर धरून दारापर्यंत आल्या, वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, शर्यत नाहीये. आणि तूही घाई करू नकोस. माझ्यासाठी तर मुळीच नको.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे, चांगला पिकलेला. पुढच्या महिनाअखेरीला एका डोळ्याचं ऑपरेशन करू म्हणाले. मी त्यांना थोडं धूसर दिसतं म्हणून सांगत होतो, तर गुंडी मध्येच म्हणाली, "त्यांना सुईचं भोक दिसत नाही." मग माझ्याकडे बघून तिने आवाज खाली आणला आणि डॉक्टरांना म्हणाली, "पण कापड बेतायला त्यांना न बघतापण येतं." डॉक्टर हसले. मी नाही हसलो, मला नाक पुसायचं होतं.

फ्रॉक झाला. पाठीवरची काजं मीच केली, कुणाला दिली नाहीत. हट्टच म्हण. कार्यक्रमाच्या सकाळी तिला घातला, बटणं लावायला गेलो, तर वरचं बटण जाईना. मधलं गेलं ते तिरकं बसलं. ती आरशासमोर उभी होती, पाठ वळवून बघत होती. मी मनात म्हटलं, आता येतंय. ज्या पोरीने वकिलाला सोडलं नाही ती मला काय सोडणार. आणि ती बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं, कारण मीच तिला तसं वाढवलंय.

तिने बराच वेळ लावला. मला ते तोंड ओळखीचं वाटलं. छताकडे बघणं, बोट चावणं. ती शोधत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "कॉलर एकदम छान बसलीय."

आणि खरंच छान बसली होती गं. मी मान हलवली. मग ती स्वेटर घेऊन आली, वरून घातला आणि अगदी सहज म्हणाली, "वरचं बटण आई आल्यावर लावू. काजं ती करेल. तुम्ही तिला कॉलर शिकवा."

यात तिने काही लपवलं नाही, आणि मला काही लागलंही नाही. हे तिला मी शिकवलं असं म्हणायची माझी छाती नाही. मशीनशेजारी बसून दोऱ्याची रिळं उचलून देता देता ती कुणाचं बघत होती, ते तुला माहीत आहे. तू शिकवायचं म्हणून कधी शिकवलं नाहीस, म्हणूनच ते तिला आलं.

मी दारापर्यंत सोडायला गेलो. दोन पायऱ्या उतरली, परत वळली. मला वाटलं रुमाल विसरली. म्हणाली, "आजोबा, येते हं."

शेजारच्या काकू बाहेर आल्या नाहीत. मीच तिथे उभा राहिलो, ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत आणि नंतरही.

आता रविवारी फोन कर. ती येणार आहे फोनवर, मी विचारलंय. मी एकदाच विचारलं, तिने एकदाच हो म्हटलं, आणि ती हो म्हणाली म्हणजे ते पक्कं. निळ्या फ्रॉकच्या कमरेला एका जागी पांढरा दोरा तसाच आहे. मी काढायला गेलो तेव्हा तिने माझा हात धरला. तू विचारशील म्हणून आधीच लिहून ठेवतो, तो माझ्या नजरेतून सुटलेला नाही.

ती आता माझ्या कोपराशी उभी आहे आणि म्हणतेय की शेवटचं तिचं लिहायचं, मधे माझं काही घालायचं नाही. तर तिचं जसंच्या तसं:

आई, तू येते म्हणालीस तो टाका मी अजून काढलेला नाही.